पेलेट शेगडी पेटते, पण पुन्हा पुन्हा विझते? आधी वाटीत काय उरलंय ते बघा

शेगडी पेटते. तास-दीड तास व्यवस्थित चालते, खोली उबदार व्हायला लागते, आणि मग केव्हातरी लक्षात येतं की पंख्यातून गार हवा येतेय. काचेमागे अंधार, पॅनेलवर एररचा कोड. रीसेट केलं की पुन्हा पेटते, म्हणून तेवढ्यापुरतं भागतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच रड.

अशा वेळी हात आपोआप एका कामाकडे वळतात. शेगडी गार झाली की वाटी उचलायची, झटकायची, राख काढायची आणि पुन्हा पेटवायची. मी जवळजवळ पूर्ण हिवाळा हेच करत होतो, आणि रोजच्या रोज पुरावा राखेच्या डब्यात जात होता. जाळाच्या वाटीत, म्हणजे बर्नपॉटमध्ये, विझल्यानंतर जे उरतं त्यावरून बिघाड कुठल्या बाजूला आहे हे बरंचसं कळतं. म्हणून साफसफाईच्या आधी नुसतं बघा. मोबाईलवर एक फोटो काढून ठेवलात तर फार उत्तम. चार वेळा विझल्यावर चार फोटो शेजारी ठेवले की गोष्ट स्वतःच बोलते.

आतली रचना थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. जळण म्हणजे पेलेट, लाकडाचा भुसा दाबून केलेले लहान दाणे. वर हॉपर, म्हणजे या दाण्यांची टाकी. तिच्या तळाशी ऑगर, म्हणजे स्क्रूसारखी फिरकी. ती थोडा वेळ फिरते, थोडा वेळ थांबते, आणि दरवेळी मूठ-पाव मूठ दाणे पुढे ढकलते. बहुतेक मॉडेलांत ते नळीतून घसरत वाटीत पडतात. वाटीला तळाशी आणि बाजूंना भोकं असतात. एक्झॉस्टचा पंखा भट्टीतला धूर ओढून धुरांड्यातून बाहेर फेकतो, त्यामुळे भट्टीतला दाब कमी होतो आणि त्या भोकांतून ताजी हवा आत येते. इथे हवा ढकलली जात नाही, ओढली जाते. ओढणाऱ्या वाटेवर कुठेही राख साचली किंवा भलत्याच फटीतून हवा आत शिरली, की वाटीपर्यंत पोचणारी हवा तेवढी कमी. दुसरा पंखा वेगळा, तो खोलीतली हवा गरम नळ्यांवरून फिरवतो. त्याचा जाळाशी थेट संबंध नाही. फोनवर तक्रार सांगताना या दोन पंख्यांची नावं उलटसुलट झाली, तर समोरचा माणूस भलत्याच दिशेने जातो.

आणि एक छोटा भाग, ज्याच्यामुळे सर्वांत जास्त गैरसमज होतात: प्रेशर स्विच. भट्टीकडून किंवा एक्झॉस्टच्या वाटेवरून एक बारीक नळी त्याच्यापर्यंत येते. आत पातळ पडदा असतो. ओढ पुरेशी असेल तोवर त्याचा संपर्क जुळलेला राहतो. ओढ कमी पडली की संपर्क तुटतो आणि ऑगरची वीज बंद होते, म्हणजे धूर घरात यायच्या आत जळण थांबतं.

वाटी रिकामी असेल तर

तळाशी थोडी राख, एखाददुसरा जळका दाणा, बाकी काही नाही. याचा अर्थ जाळ गुदमरला नाही, उपाशी राहिला. आधी दाणे थांबले, मग ज्योत गेली.

पहिल्यांदा हॉपर बघा. वरून भरलेला दिसतो, पण ऑगरच्या तोंडावर दाण्यांची कमान धरलेली असते आणि तिच्याखाली पोकळी. शेगडीचा प्लग काढून काठीने जरा ढोसलं की सगळं धसकन खाली बसतं. हात घालू नका, फिरकी संथ असली तरी तिच्यात बोट चिरडण्याइतकी ताकद असते. कमान धरण्याचं कारण बहुतेक वेळा भुगा. दाणे एकमेकांवर घासून झालेली ही पावडर तळाशी साचते, तिला दमटपणा लागला की ती लगद्यासारखी घट्ट होते. हॉपर पूर्ण रिकामा करून कोपऱ्यांतला भुगा व्हॅक्यूमने ओढून घेतला की महिनाभर तरी त्रास नाही.

हॉपर ठीक असेल तर कान लावा. मोटर गुणगुणतेय पण फिरकी हलत नाही, म्हणजे फिरकीत भुगा घट्ट बसलाय किंवा एखादा लांबट दाणा आडवा अडकलाय. मोटरचा आवाजच नाही, म्हणजे तिच्यापर्यंत वीज पोचत नाही. इथेच लोक फसतात आणि ऑगरची मोटर बदलून मोकळे होतात. मोटर चांगली असते, तिला कोणीतरी थांबवलेलं असतं. थांबवणारे मुख्यतः दोघे: एक प्रेशर स्विच, दुसरा हॉपरजवळचा उष्णतेचा स्विच. उष्णतेचा स्विच उडाला असेल तर खोलीकडचा पंखा नीट फिरतोय का, नळ्यांवर राखेचा थर आहे का, शेगडीच्या मागे आणि बाजूंना मोकळी जागा आहे का, हे बघा. अनेक मॉडेलांत त्याचं लहान बटण दाबून तो पुन्हा बसवता येतो. पण कारण न शोधता बटण दाबत राहणं म्हणजे ताप का आला ते न बघता नुसती गोळी घेण्यासारखं आहे.

वाटी भरलेली असेल तर

काठोकाठ काळे पडलेले, अर्धवट जळलेले दाणे. इथे दाणे येत राहिले, पण त्यांना जाळायला हवा पुरली नाही. विझण्याच्या आधीची ज्योत आठवून बघा. ती उंच, सुस्त, गडद नारिंगी आणि टोकाशी काजळी सोडणारी होती का? काच तपकिरी-राखाडी न होता काही तासांत काळी पडते का? दोन्हीचं उत्तर हो असेल तर हवेचीच उणीव. हवा बरोबर असताना ज्योत आखूड, चपळ, पिवळसर पांढरी असते आणि काचेवर फिकट राखेचा पातळ थरच येतो. हवा जास्त झाली तर जाळ भुरभुरतो आणि पेटते कण वाटीबाहेर उडतात. ती तक्रार वेगळी, आणि तुलनेने दुर्मीळ.

तिसरी अवस्था म्हणजे वाटीच्या तळाशी खडा. गार झाल्यावर बोटांनी दाबून बघा. साधी राख पीठ होऊन सांडते, हा खडा मात्र खडबडीत, कडक, कुठे कुठे काचेसारखा चकाकणारा असतो. त्याला क्लिंकर म्हणतात. राखेतली वाळू-माती आणि पोटॅशियमसारखे क्षार जाळात वितळून एकमेकांना चिकटतात, आणि गार होताना वाटीची भोकं नेमकी त्यांच्याखाली झाकली जातात. वाटी रोज साफ करूनही क्लिंकर रोज होत असेल तर दोष जळणाचा असण्याची शक्यता मोठी. आयएसओ १७२२५-२ या मानकात ए१ दर्जाच्या दाण्यांत राख ०.७ टक्क्यांपर्यंत चालते, ए२ मध्ये १.२ टक्क्यांपर्यंत. म्हणजे १ टन दाणे जाळल्यावर एकात जास्तीत जास्त ७ किलो राख, दुसऱ्यात १२. ओलावा दोन्हींत १० टक्क्यांपर्यंत. हे आकडे पोत्यावर छापलेले नसतील तर ते पोतं घेताना दोनदा विचार करावा. शिवाय पोत्याच्या तळाचे मूठभर दाणे चाळणीतून काढून बघा. चकचकीत, टणक दाणे राहिले आणि खाली चिमूटभरच भुगा पडला तर जळण चांगलं. दाणा बोटांत सहज मोडत असेल किंवा फुगून खरखरीत झाला असेल तर त्याला पाणी लागलंय. तो पुन्हा वाळवून उपयोगाचा होत नाही, कारण दाण्यांना धरून ठेवणारी दाबाची घट्ट बांधणी एकदा सुटली की सुटली.

एक गोष्ट लक्षात ठेवा: खडा टोचून काढताना भोकं टोकदार हत्याराने मोठी करू नका. मूळ मापाइतकंच साफ करायचं. भोकं मोठी झाली की हवेचा हिशेबच बदलतो.

माझ्या शेगडीत नेमकं काय होत होतं

वाटी दरवेळी रिकामी, कोड दाबाचा. मेकॅनिकला बोलावलं. त्याने प्रेशर स्विच बदलला, शेगडी पेटवून दाखवली, गेला. तीन दिवस शेगडी सुरेख चालली. चौथ्या दिवशी पुन्हा विझली. नवा कोरा स्विच, तोच कोड.

तेव्हा मी वेळा लिहायला लागलो. आठवड्याभरात सहा वेळा विझली, आणि सहाही वेळा संध्याकाळी सात ते साडेआठच्या मध्ये. दिवसभर नाही, रात्री नाही. त्या वेळात घरात दुसरं काय चालू असतं? स्वयंपाकघरातली चिमणी, म्हणजे ओट्यावरचा धूर खेचणारा पंखा. ती चालू केली, शेगडीजवळची खिडकी घट्ट लावली आणि ज्योतीसमोर बसून राहिलो. पाच-सात मिनिटांत ज्योत लांब आणि मळकट व्हायला लागली. खिडकी चार बोटं उघडली, तर मिनिटभरात ज्योत आखडून पुन्हा पिवळी झाली. ओट्यावरचा पंखा घरातली हवा बाहेर खेचत होता, आणि खिडक्या-दारं बंद असल्यामुळे शेगडीला ओढायला हवाच उरत नव्हती. दोन पंख्यांची रस्सीखेच, आणि त्यात शेगडीचा लहान पंखा हरत होता.

पण मनाला हे पुरतं पटेना. ओट्यावरचा पंखा दोन वर्षं तोच होता, मग आदल्या हिवाळ्यात शेगडी का विझली नाही? म्हणजे शेगडीची स्वतःची ओढसुद्धा कुठेतरी कमी झाली होती. मॅन्युअल काढलं. भट्टीच्या मागच्या भिंतीवर विटांसारखी दिसणारी जी पाटी असते, ती दोन खिट्या फिरवून निघते असं त्यात लिहिलं होतं. दोन वर्षांत मी ती एकदाही काढली नव्हती.

पाटी काढली तेव्हा मागे खालच्या बाजूला दोन लहान झाकणं दिसली. एकाचा स्क्रू सैल केला आणि झाकण सरकवलं, तर राख पाण्यासारखी ओघळली. टाल्कम पावडरइतकी बारीक, फिकट करडी, श्वास लागला तरी उडणारी. आत बोटं घातली तर मनगटापर्यंत हात राखेतच. धूर जायची जी वाट साबणाच्या वडीएवढी रुंद असायला हवी, तिथे वरच्या कोपऱ्यात फार तर दोन बोटं जाईल एवढी फट उरली होती. एवढ्याशा फटीतून पंखा दिवसभर कसाबसा ओढत होता. संध्याकाळी ओट्यावरचा पंखा लागला की तेवढीही ओढ पुरत नव्हती.

मग एक्झॉस्ट पंख्याचं घर उघडलं. पात्यांवर काजळी आणि राखेचा कडक थर होता, ब्रशने खरवडला. धुरांड्याच्या खालच्या टी-जोडाचं झाकण काढलं, तिथेही डबाभर राख निघाली. आणि शेवटी प्रेशर स्विचची नळी. ती जिथे शेगडीच्या अंगाला जोडलेली असते तिथल्या धातूच्या बारीक तोटीत राखेचा बोळा बसला होता. तीन दिवसांचं कोडं इथे सुटलं. मेकॅनिकने स्विच बदलताना नळी काढून पुन्हा लावली होती, तेव्हा तो बोळा हलून वाट थोडी मोकळी झाली होती. स्विच पहिल्यापासून चांगलाच होता.

तोटी बारीक तारेने साफ करायची. नळी साफ करायची असेल तर आधी स्विचपासून सोडवा, मगच तिच्यात फुंका. स्विचला जोडलेली असताना फुंकर मारली तर आतला पातळ पडदा कायमचा जातो. आणि स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडून त्याला वगळायचा उपाय कोणी सुचवला, तर कृपा करून ऐकू नका. तो स्विच तुमच्या झोपेच्या वेळी जागा असतो.

ओट्यावरच्या पंख्याचा कायमचा उपाय म्हणजे शेगडीला बाहेरून थेट हवा देणारा पाईप. माझ्या शेगडीला त्यासाठी मागे तोंड होतंच, जोडलेलं नव्हतं. जोडल्यापासून ओट्यावरचा पंखा कितीही वेगाने चालवला तरी ज्योत हलत नाही.

फटी, आणि मग सेटिंग

राख काढूनही ज्योत सुस्तच राहिली तर दाराची दोरी, म्हणजे दाराच्या कडेने फट बंद ठेवणारी गॅस्केट, तपासा. शेगडी गार असताना कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि पट्टी ओढा. अडकली पाहिजे. सहज सुटून आली तर तिथे दोरी दबून सपाट झाली आहे. चारही बाजूंनी, बिजागरीजवळसुद्धा, असं करून बघा. राखेच्या ट्रेचं दार लोक विसरतात, त्यालाही दोरी असते. नवी दोरी घेताना जाडी मूळ मापाचीच घ्या, आणि बसवताना ताणू नका, नाहीतर टोकं आखडून फट पडते.

एवढं सगळं झाल्यावरच पॅनेलवरची हवेची किंवा दाण्यांची सेटिंग बदला. राखेने वाट अडलेली असताना हवा वाढवली तर आठ-दहा दिवस बरं वाटतं, मग तीच तक्रार परत येते आणि आता सेटिंगही बिघडलेली असते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि अर्धा तास तरी ज्योत बघायची.

पेटतच नसेल तर

ही तक्रार सरळ असते. वाटीत ताजे दाणे पडलेत, पण ठिणगी नाही. आधी इग्नायटरच्या, म्हणजे दाणे पेटवणाऱ्या विजेच्या कांडीच्या, समोरचं भोक राखेने बुजलंय का बघा. ते मोकळं असेल तर प्लग काढून मल्टिमीटरने इग्नायटरचा रोध मोजा. ३०० वॉटचा इग्नायटर २३० व्होल्टवर चालणारा असेल तर साधारण १७५ ओहम दिसतात, १२० व्होल्टचा असेल तर ४८ च्या आसपास. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली आहे, बदलण्याशिवाय इलाज नाही.

पण न पेटलेल्या शेगडीत एक खरा धोका आहे, तो नीट समजून घ्या. दाणे धुमसतात, ज्योत लागत नाही, आणि भट्टीत दाट पांढरा धूर कोंडतो. हा धूर म्हणजे न जळलेला वायू. अशा वेळी दार उघडलं की त्याला एकदम हवा मिळते आणि भडका बाहेर येऊ शकतो. दार उघडू नका, प्लगही काढू नका. एक्झॉस्टचा पंखा चालू राहू द्या, तोच धूर बाहेर नेतो. खोलीत धूर येत असेल तर माणसं बाहेर काढा. सगळं शांत आणि पूर्ण गार झाल्यावर वाटी रिकामी करा, मगच दुसऱ्यांदा पेटवा. वाटीतले ते दाणे परत हॉपरमध्ये टाकायचे नाहीत. एखादा आतून धुमसत असला तर पूर्ण हॉपर पेटेल.

वीज गेल्यावरही असाच प्रकार होतो. पंखे थांबतात, वाटीतले दाणे मात्र जळतच असतात, आणि धूर मिळेल त्या फटीतून खोलीत येतो. धुरांड्याला पुरेशी उभी उंची असेल तर गरम धूर आपोआप वर चढतो. नसेल तर प्युअर साईन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखाच सुरळीत प्रवाह देणारा, यूपीएस लावून ठेवा, निदान शेगडी नीट बंद होण्यापुरती वीज मिळते. कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म तर हवाच. आणि फक्त शेगडीच्या खोलीत नाही. लाकडाचे दाणे नुसते साठवलेले असतानाही हा वायू सोडतात, त्यामुळे मोठा साठा बंद खोलीत असेल तर आधी दार उघडून हवा खेळू द्या, मग आत जा.

माझी आताची पद्धत

रोज पेटवण्याआधी वाटी, तिची भोकं आणि काच, पाच मिनिटांचं काम. आठवड्यातून एकदा राखेचा ट्रे आणि नळ्यांवरची राख झाडायची दांडी आठ-दहा वेळा पुढेमागे. महिन्यातून एकदा मागची पाटी काढून ती दोन झाकणं. पाटीमागचं हे काम मी कॅलेंडरवर लिहून ठेवतो, कारण ती राख दिसत नाही आणि दिसत नाही ते राहून जातं. एक्झॉस्ट पंखा, टी-जोड आणि पूर्ण धुरांडं वर्षातून एकदा, जळण जास्त लागत असेल तर दोनदा. दिवसभर अगदी मंद चालवली असेल तर बंद करण्याआधी वीस मिनिटं मोठ्या जाळावर ठेवतो, काजळी कमी धरते.

राख ओढायला राखेसाठीच बनवलेला व्हॅक्यूम वापरा, आणि तोही शेगडी पूर्ण गार झाल्यावरच. साध्या व्हॅक्यूमच्या कापडी पिशवीत एक निखारा गेला तर आग लागते, आणि राखेच्या पोटात निखारा दिवसदिवस जिवंत राहू शकतो. म्हणून राख झाकणाच्या लोखंडी डब्यात, घराबाहेर, लाकडापासून दूर.

थंडी संपल्यावर जे करायचं ते तर मुळीच चुकवू नका. हॉपरमधले दाणे संपेपर्यंत शेगडी चालवा, ऑगर रिकामा होऊ द्या, मग आतली राख कोपऱ्याकोपऱ्यातून काढा. राख दमट हवेतलं पाणी धरून ठेवते आणि पत्र्याला आतून गंज लागतो. ऑगरमध्ये राहिलेले दाणे पावसाळी हवेत फुगून त्याचं सिमेंट होतं. शेवटी बाहेरच्या धुरांड्याच्या तोंडाला जाळी लावा, आणि ती लावलीय अशी चिठ्ठी शेगडीच्या बटणावर चिकटवून ठेवा, म्हणजे पुढच्या थंडीत पेटवण्याआधी ती काढायची आठवण राहील.